पाणी, कोठार आणि गाळ : खेड तालुक्यातील तीन भग्न गिरिदुर्गांच्या इतिहासलेखनाचा प्रश्न

बीजसंज्ञा : गिरिदुर्ग, खांबटाके, रसाळगड, सुमारगड, महिपतगड, जावळी, मसादा

प्रास्ताविक

रत्नागिरी जिल्ह्याचा दुर्गेतिहास म्हटला की सुवर्णदुर्ग, जयगड, रत्नदुर्ग, गोपाळगड ही नावे प्रथम आठवतात. हे सर्व समुद्राच्या किंवा खाडीच्या काठचे दुर्ग होत. त्यांच्यासंबंधी इंग्रज, पोर्तुगीज आणि मराठी कागद उपलब्ध असल्याने त्यांचा इतिहास सलगपणे सांगता येतो. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट केले, त्यांत या जिल्ह्यातील सुवर्णदुर्गाला स्थान मिळाले, ही अभिमानाची बाब आहे. मात्र याच जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, खेड तालुक्यात, सह्याद्रीच्या एकाच सोंडेवर दक्षिणोत्तर उभे असलेले रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे तीन गिरिदुर्ग अभ्यासकांच्या नजरेतून बव्हंशी निसटले आहेत. गिर्यारोहकांनी त्यांच्यावर पुष्कळ लिहिले आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र एक-दोन परिच्छेदांपलीकडे त्यांना जागा दिलेली नाही.

याचे कारण उघड आहे. या गडांवर गाजलेली लढाई झाल्याची नोंद नाही आणि लढाई नसली की आपल्याकडे किल्ल्याचा इतिहास संपतो. प्रस्तुत लेखात याच्या उलट दिशेने जाण्याचा प्रयत्न केला आहे. गडावर माणसे कशी राहिली, काय प्याली, काय साठवले आणि गड ओस कसा पडला, हे प्रश्न प्रथम विचारल्यास कागदांच्या अभावीही या दुर्गांचा इतिहास लिहिता येतो, असे येथे प्रतिपादन आहे. त्यासाठी जगातील एका अत्यंत प्रसिद्ध, वाळवंटी दुर्गाची तुलना उपयोगी पडते.

स्थान व राजकीय पार्श्वभूमी

तीन दुर्गांपैकी रसाळगड सर्वांत दक्षिणेस, सुमारगड मध्ये व महिपतगड उत्तरेस आहे. महिपतगड तिघांत उंच आणि विस्ताराने सर्वांत मोठा असून त्याचा माथा सुमारे १२० एकर भरतो. त्याच्या समोरच, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून, महाबळेश्वरच्या बाजूचा मकरंदगड दिसतो. पश्चिमेला जगबुडी नदीचे खोरे आहे. जगबुडी पुढे वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ हे मध्ययुगातील नामांकित बंदर आहे. दाभोळहून खाडीमार्गे खेड, खेडहून डोंगराच्या पायथ्याला आणि तेथून हातलोट घाटाने वर जावळीच्या मुलखात, असा हा मार्ग होता. बंदर आणि घाटमाथा यांच्यामधील वाटेवर नजर ठेवणे हे या तीन गडांचे प्रयोजन होते, हे नकाशा पाहिला तरी लक्षात येते.

हे गड मूळ कोणी बांधले याविषयी जावळीच्या मोऱ्यांचे नाव परंपरेने घेतले जाते. शिवाजी महाराजांनी इ.स. १६५६ मध्ये जावळी घेतली, त्याच वर्षी रायरी हस्तगत केली आणि त्या भागाच्या संरक्षणासाठी प्रतापगडाची उभारणी केली. १६६१ च्या कोकण स्वारीत दाभोळ, चिपळूण, संगमेश्वर हा टापू स्वराज्यात आला. खेडचे गिरिदुर्ग या दोन घटनांच्या मधोमध, अक्षरशः दोन्ही मुलखांच्या सांध्यावर उभे आहेत. पुढे कोकणातील सत्ता आंग्रे, जंजिऱ्याचे सिद्दी आणि पेशवे यांच्यात विभागली गेली. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध १७५५-५६ मध्ये झालेल्या मोहिमेनंतर त्यांचा मुलूख पेशव्यांकडे गेला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती पडला. एवढा सांगाडा सर्वत्र आढळतो. परंतु तो रसाळगडाचा इतिहास नव्हे, रसाळगडाभोवती घडलेल्या घटनांचा इतिहास आहे. मार्गदर्शक पुस्तिकांतून हाच सांगाडा 'गडाचा इतिहास' या मथळ्याखाली वारंवार छापला जातो आणि वाचकालाही त्यात काही उणे वाटत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

एकाच साधनाचा धोका : मसादाचे उदाहरण

मृत समुद्राच्या पश्चिमेस, सुमारे ४५० मीटर उंचीच्या एका सुळक्यावजा पठारावर मसादा हा दुर्ग आहे. ज्यूंचा राजा हेरोद याने इ.स. पूर्व ३७ ते ३१ या काळात तो वसवला. रोमनांविरुद्धच्या उठावात बंडखोरांनी तो ताब्यात घेतला आणि इ.स. ७३ किंवा ७४ मध्ये फ्लेवियस सिल्वा या रोमन सेनानीने वेढा घालून, पश्चिम कड्याला मातीचा प्रचंड उतार रचून तो जिंकला. आतील ९६० जणांनी शरणागती न पत्करता एकमेकांना संपवले, दोन स्त्रिया व पाच मुले तेवढी वाचली, ही हकिकत जोसेफस या एकाच इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. तो घटनास्थळी उपस्थित नव्हता.

यिगाएल यादीन यांनी १९६३ ते १९६५ या काळात तेथे मोठे उत्खनन केले. राजवाडे, कोठारे, टाकी, रोमन छावण्या हे सारे जोसेफसच्या वर्णनाशी बऱ्याच अंशी जुळले. मात्र ९६० मृतदेहांचा पुरावा मिळाला नाही. मोजक्याच व्यक्तींचे अवशेष सापडले. पुढील काळात नख्मन बेन-येहुदा यांच्यासारख्या अभ्यासकांनी या कथेला राष्ट्रीय प्रतीकाचे रूप कसे दिले गेले याची चिकित्सा केली. येथे मुद्दा एवढाच की, मसादाला एक ग्रंथ लाभला आणि तो ग्रंथच अवशेषांना काय म्हणायचे ते सांगू लागला. खेडच्या दुर्गांची अडचण नेमकी उलट आहे. त्यांच्याविषयी सांगणारा ग्रंथ नाही, म्हणून त्यांचे अवशेष मुके समजले गेले. दोन्ही ठिकाणी अवशेषांकडे दुर्लक्ष होते, कारणे तेवढी भिन्न आहेत.

मसादाची खरी थोरवी त्या शोकांतिकेहून त्याच्या पाण्यात अधिक आहे, असे म्हणावेसे वाटते. वर्षाकाठी जेमतेम चार-पाच सेंटीमीटर पाऊस पडणाऱ्या त्या प्रदेशात, जवळच्या कोरड्या ओढ्यांना क्वचित येणारा लोंढा बांध घालून अडवला जाई आणि पाटाने वळवून कड्याच्या पोटात खोदलेल्या टाक्यांत सोडला जाई. वायव्य बाजूस दोन ओळींत अशी बारा टाकी आहेत. दुर्गाची एकूण जलसाठवण सुमारे ४०,००० घनमीटर इतकी होती. रोमन सैन्याला मसादा तहानेने जिंकता आला नाही, त्यासाठी उतारच बांधावा लागला.

पाऊस असून तहान

खेड तालुक्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा प्रदेशाची तुलना वाळवंटाशी करणे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. तथापि हा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उताराने वाहून खाडीला मिळतो. मार्चनंतर याच डोंगरांतील वाड्यांवर पाण्यासाठी कशी वणवण होते, हे या जिल्ह्यात अध्यापन करणाऱ्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. गडाच्या माथ्यावर तर वरून येणारे पाणी नसतेच, कारण माथ्याच्या वर काही नसते. थोडक्यात, ऑक्टोबर ते मे हे आठ महिने कोकणातील गिरिदुर्ग हा वाळवंटी दुर्गच असतो.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तील दुर्गप्रकरणात याची स्पष्ट जाण दिसते. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. पाणी नसताना गड बांधणे भागच असेल तर आधी कातळ फोडून, पावसाळा येईपर्यंत पुरतील अशी मजबूत तळी-टाकी करावीत. एखादा झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, असा त्या उपदेशाचा आशय आहे. तोफांचे आवाज आणि झऱ्याचे आटणे यांचा कार्यकारणभाव आजच्या भूजलशास्त्राला कितपत मान्य होईल हा प्रश्न वेगळा. एका स्रोतावर विसंबू नये, हे तत्त्व मात्र अनुभवातून आलेले आहे.

सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारसाच्या एकावर एक आडव्या थरांनी बनला आहे. काही थर घट्ट तर काही सच्छिद्र असतात आणि दोन प्रवाहांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा सापडतो. टाके खोदायचे ते घट्ट थरात. एक भेग निसटली तरी पाऊस संपताच टाके रिते होते. म्हणून टाक्याची जागा निवडणे हे पाथरवटाचे खरे कसब होते. छिन्नी, घण आणि पहार यांनी फोडलेला दगड वाया जात नसे. तोच तटाला लागे. टाके व तट ही एकाच कामाची दोन अंगे असत.

येथे एक हिशेब मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. समजा, गडावर शंभर माणसांची शिबंदी आहे आणि पिणे, स्वयंपाक व अन्य गरजांसाठी दरडोई रोज दहा लिटर पाणी धरले. आठ महिन्यांचे, म्हणजे २४० दिवसांचे, २,४०,००० लिटर होतात. हे २४० घनमीटर पाणी दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा एका टाक्यात मावते. कोकणात पावसाळाभर तीन मीटर पाऊस पडत असल्याने असे उघडे टाके केवळ आपल्या तोंडावर पडणाऱ्या पावसानेच भरू शकते. मसादाला बांध आणि पाट लागले, येथे आकाश पुरते. या खोदाईतून निघालेला २४० घनमीटर दगड दोन मीटर जाड व चार मीटर उंच असा सुमारे तीस मीटर तट बांधण्यास पुरतो. फोडताना वाया जाणारा भाग वजा केला तरी हे प्रमाण लक्षणीय आहे.

पण हिशेब येथे संपत नाही. रोज चार मिलिमीटर बाष्पीभवन गृहीत धरले तर २४० दिवसांत जवळजवळ एक मीटर पाणी उडून जाते. वरील टाक्यात ही घट सुमारे ७७ घनमीटर, म्हणजे साठ्याच्या साधारण एक-तृतीयांश इतकी भरते. शंभर माणसांचा अडीच महिन्यांचा साठा नुसत्या उन्हाने जातो! खांबटाक्याचे रहस्य यातच आहे. कातळाच्या पोटात शिरून, वरचे छत शाबूत ठेवून आणि त्याला आधार म्हणून मधले खांब कोरून केलेले टाके करायला कितीतरी कष्टाचे असते, कारण दगड आडव्या बाजूने फोडून बाहेर काढावा लागतो. छतामुळे पावसाचे थेट पाणी कमी पडते, म्हणून कातळात पन्हळी कोरून ते आत आणावे लागते. तरीही ते पत्करले जाई, कारण सावलीतले पाणी वैशाखापर्यंत टिकते. सौंदर्यासाठी कोरलेले खांब म्हणून त्यांचे कौतुक होते. प्रत्यक्षात ते पाण्याच्या हिशेबाचे खांब आहेत.

टाक्यांवरून गडाचा काळ ठरवण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. कातळात पाण्याची पोढी खोदण्याची कला या प्रदेशात दुर्गांच्या आधीपासून आहे. खुद्द खेड शहरात बौद्ध लेणी आहेत. शेजारच्या दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी येथे २९ लेण्यांचा समूह आहे. तेथील शके १०६१ (इ.स. ११३९) च्या ताम्रपटावरून शिलाहार राजा अपरादित्य याने आपला पुत्र विक्रमादित्य याच्याकडे दक्षिणेकडील कारभार सोपवला होता व प्रणालक हे त्याचे ठाणे होते, असे समजते. म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आहे. तेव्हा रसाळगड-सुमारगडाच्या माथ्यावरील टाकी मोऱ्यांच्याही आधीची असणे अशक्य नाही. पण केवळ टाके कोरीव आहे म्हणून त्याला सातवाहनकाळात नेऊन बसवणे हे शास्त्राला धरून होणार नाही.

कोठार आणि शाकारणी

रसाळगडावर आज झोलाई देवीचे मंदिर, दरवाजे, तटाचे भाग, विखुरलेल्या अनेक तोफा आणि दगडी बांधणीचे धान्यकोठार पाहावयास मिळते. इतर इमारतींची जोतीच उरली असताना कोठार उभे राहिले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सभासद बखरीत गडाचा कारभार हवालदार, सबनीस व कारखानीस यांच्यात विभागलेला दिसतो. त्यांतील कारखानिसाकडे धान्य व इतर साठ्याचा हिशेब असे. शंभर माणसांना दरडोई पाऊण किलो धान्य धरले तरी वर्षाला सत्तावीस टनांहून अधिक धान्य लागते. ते सारे डोक्यावरून वा बैलांच्या पाठीवरून चढवायचे. नाचणी आणि वरी ही या उतारांवरची पिके. त्यांपैकी नाचणी वर्षानुवर्षे किडीशिवाय टिकते, ही गोष्ट गडकऱ्यांच्या नजरेतून सुटली असेल असे वाटत नाही.

मसादात हेरोदाने भरलेले धान्य शंभर वर्षांनीही चांगले होते, असे जोसेफस सांगतो. त्याचे कारण तो दुर्गाच्या उंचीवरील शुद्ध हवा देतो. हे कथन अतिशयोक्त वाटले तरी, यादीन यांच्या उत्खननात मिळालेल्या खजुराच्या बियांपैकी एक बी २००५ मध्ये, सुमारे दोन हजार वर्षांनी, रुजवण्यात आली आणि तिचे झाड झाले. कोकणातील दमट हवेत असे काही टिकणे नाही. येथे कोठाराला जाड भिंती आणि पक्के दगडी छत आवश्यक होते. बाकीची घरे लाकडाची व गवताची असली तरी चालत.

ही घरे दरवर्षी मृगापूर्वी शाकारावी लागत. शाकारणी चुकली की एका पावसात भिंत फुगते, दुसऱ्या पावसात वासे कुजतात आणि तिसऱ्या वर्षी तेथे रान उगवते. इ.स. १८१८ नंतर शिबंदी उठली, नेमणुका बंद झाल्या आणि शाकारणी थांबली. किल्ले इंग्रजांनी तोफा लावून उडवले असा सार्वत्रिक समज आहे. काही ठिकाणी तसे निश्चितपणे घडले. परंतु आडवळणाचे गड पाडण्यास दारूगोळा खर्चण्याची गरजच नव्हती. ते काम पाऊस, वाळवी आणि तटात रुजलेले वड-उंबर यांनी विनामूल्य केले. मुंबई सरकारने १८६२ मध्ये किल्ल्यांच्या स्थितीची यादी करवली आणि १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरमध्ये तिचा आधार घेण्यात आला. त्यानंतरच्या बहुतेक लेखनाने गॅझेटिअरचा आधार घेतला. म्हणजे या दुर्गांविषयी आपण आजही पुष्कळसे बोलतो ते दीडशे वर्षांपूर्वीच्या एका सरकारी पाहणीच्या जोरावर.

गाळाचा प्रश्न

येथपर्यंतच्या विवेचनातून एक तातडीचा मुद्दा पुढे येतो. मसादाला कोरडेपणाने जे जपून दिले, म्हणजे बिया, कापड, लाकूड, ते कोकणात उघड्यावर नष्ट झाले आहे. पण सेंद्रिय वस्तू दोन परिस्थितींत टिकतात. एक, जेथे पाणी मुळीच नसते. दुसरी, जेथे पाणी कधीच आटत नाही आणि तळाशी हवा पोहोचत नाही. बारमाही टाक्याचा तळगाळ ही ती दुसरी जागा होय. वरून पडलेले परागकण, धान्याची टरफले, कोळसा, लाकडाचे तुकडे, फुटलेली भांडी हे थराथराने तेथे साचते. गड नांदता असताना टाकी उपसली जात असत, त्यामुळे सर्वांत खालचा थर गडाच्या अखेरच्या वसतीचा आणि त्यावरचे थर ओसाड काळाचे असण्याचा संभव अधिक. तेवढेही थोडे नव्हे. गड नेमका केव्हा रिता झाला आणि त्याच्या उतारांवर शेती होती की जंगल, हे त्यातून कळू शकते.

गेल्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्रभर दुर्गसंवर्धनाची चळवळ उभी राहिली. तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी गडावर जाऊन टाक्यांतील गाळ उपसतात. त्यामागील निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि स्वच्छ टाक्यातील पाणी आजही वाटसरूंच्या व गुराख्यांच्या कामी येते. परंतु घमेल्या-घमेल्याने उपसून दरीत टाकलेला गाळ पुन्हा वाचता येत नाही. ज्यांनी प्रेमापोटी गड झाडला त्यांच्याच हातून त्याचा दप्तरखाना रिकामा व्हावा, हा दैवदुर्विलासच होय. संरक्षित स्मारकांच्या बाबतीत महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारकविषयक कायदा आहे, मात्र यादीबाहेरच्या असंख्य गडांना तो लागू पडत नाही.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. टाक्याची लांबी, रुंदी व खोली मोजणे, गाळाची जाडी नोंदवणे, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पाण्याची पातळी टिपणे, उपसा करायचाच असेल तर एक कोपरा न उकरता राखून ठेवणे आणि निघालेला गाळ चाळून पाहणे, एवढे काम इतिहास, भूगोल आणि वनस्पतिशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल. ऑक्टोबर ते मे या काळातील पातळीच्या नोंदी हाती आल्या की वर मांडलेला काल्पनिक हिशेब बाजूला सारून प्रत्यक्ष आकडे घेता येतील, आणि गडावर किती माणसे नांदू शकत होती याचे उत्तर पाण्याकडूनच मिळेल.

महिपतगडाचा चुना

अशा पद्धतीने सुटू शकणारा एक प्रश्न महिपतगडावर आहे. त्याच्या विस्तीर्ण माथ्यावर जोत्यांसोबत न वापरलेल्या चुन्याचे व दगडांचे ढीग आढळत असल्याचे दुर्गअभ्यासकांनी नमूद केले आहे, आणि हा गड पुरा बांधून झालाच नाही असे सांगितले जाते. पायथ्याच्या वस्तीचे नावच वाडी बेलदार आहे. बेलदार म्हणजे दगडमातीचे काम करणारे कारागीर. गड बांधण्यासाठी आणलेले लोक काम थांबल्यावर येथेच राहिले, असा अर्थ या नावातून सहज निघतो. काम कोणी काढले आणि का थांबवले, हे मात्र नावातून निघत नाही.

चुना भाजताना त्यात कोळशाचे कण राहतात आणि त्यांची कार्बन कालमापन पद्धतीने तपासणी करता येते. सतराव्या शतकाच्या मध्यानंतरचे नमुने या पद्धतीने एकमेकांपासून वेगळे करणे कठीण असते, त्यामुळे काम शिवकाळातील की पेशवाईतील हे तिच्यावरून ठरणार नाही. पण ते मोऱ्यांच्या काळातील, पंधराव्या-सोळाव्या शतकातील होते का, याचे उत्तर मिळू शकेल. दुसरी तपासणी तर नुसत्या डोळ्यांनीही सुरू करता येते. कोकणात चुना दोन प्रकारे होतो, खाडीतील शिंपल्यांचा आणि चुनखडीचा. महिपतगडाच्या ढिगांत शिंपल्याचे न भाजलेले तुकडे मिळाले, तर तो माल दाभोळच्या खाडीतून पडावाने खेडपर्यंत, आणि तेथून माणसांच्या डोक्यावरून वाडी बेलदारच्या चढणीने वर आला, असे म्हणता येईल.